प्रत्येक सिमला काम द्या, मग रिचार्ज मारा

चिपळूणला एसटी स्टँडपासून चार मिनिटांवर माझं रिचार्जचं दुकान आहे. २००६ साली सुरू केलं तेव्हा काउंटरवर खरवडायच्या कुपनांच्या माळा लटकत असत. आयडिया, बीएसएनएल, रिलायन्स, टाटा, पुढे युनिनॉर, अशी कितीतरी नावं. २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा हा दर आणला. तोपर्यंत वीस सेकंद बोललं तरी अख्ख्या मिनिटाचे पैसे जायचे. माझ्याकडे आठवडाभर त्या सिमला रांग होती आणि काही महिन्यांत बाकीच्या कंपन्यांनाही सेकंदाचा हिशेब सुरू करावा लागला. एकाने दर पाडला की दुसऱ्याला पाडावाच लागे, हे तेव्हा मी रोज डोळ्यांनी बघत होते.

आता बघा. २०२४ च्या २७ जूनला जिओने दरवाढ जाहीर केली. दुसऱ्याच दिवशी एअरटेल आणि व्ही म्हणजे व्होडाफोन-आयडियानेही केली. जिओ-एअरटेलचे नवे दर ३ जुलैला लागू झाले, व्हीचे ४ जुलैला. मधल्या पाच-सहा दिवसांत लोक वर्षाचा पॅक मारून घ्यायला दुकानात उभे होते. ‘ताई, कुठल्या कंपनीत जाऊ म्हणजे स्वस्त पडेल?’ हा एकच प्रश्न. मी खरं ते सांगितलं: तिन्ही खासगी कंपन्यांचे दर शेजारी शेजारी ठेवले तर फरक दहा-वीस रुपयांचा आहे, फार तर पन्नासचा. एअरसेल आणि टेलिनॉर गेल्या, टाटाचे ग्राहक एअरटेलमध्ये गेले, व्होडाफोन आणि आयडिया ऑगस्ट २०१८ मध्ये एक झाल्या. देशातले जवळपास तीन-चतुर्थांश मोबाइल ग्राहक आज दोनच कंपन्यांकडे आहेत. अशा बाजारात कुणालाही दर पाडायची घाई नसते.

म्हणून माझं सांगणं असं की पैसे वाचवायला या तिघींत कंपनी बदलू नका, कंपनी रेंजसाठी बदला. पैसे वाचतात ते घरातल्या प्रत्येक सिमचं काम ठरवल्याने. ते कसं करायचं ते सांगते. मोठ्या रिचार्जवर मला कमिशन जास्त सुटतं, पण माझं गिऱ्हाईक वीस-वीस वर्षांचं आहे.

आधी वही घ्या

घरात चालू असलेली सगळी सिम एका पानावर लिहा. गावच्या आईवडिलांचं, मुंबईतल्या मुलाचं, तुमचं दुसरं, कपाटातल्या जुन्या फोनातलंसुद्धा. किती सिम आहेत हेच बहुतेकांना माहीत नसतं. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकला की तुमच्या नावावर किती नंबर चालू आहेत ते दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच कळवता येतं. हे एकदा कराच. माझ्या दुकानातल्या एका काकांच्या नावावर त्यांना माहीत नसलेले दोन नंबर निघाले.

आता प्रत्येक नंबरापुढे त्याचं काम लिहा. माझ्या अनुभवात सिमला तीनच कामं असतात. एक बोलायचं, दुसरं नेटचं, तिसरं नुसतं बँकेच्या ओटीपीसाठी जिवंत ठेवायचं. घरोघरी होतं काय, की तिन्ही कामांच्या सिमला एकच पॅक मारला जातो, रोज दीड जीबीचा, कारण ॲप उघडल्यावर तोच पहिल्यांदा समोर येतो.

नेटच्या सिमचा खरा वापर किती, हे अंदाजाने लिहू नका. फोनच्या सेटिंगमध्ये ‘डेटा युसेज’ उघडा आणि गेल्या महिन्याचा मोबाइल डेटाचा आकडा बघा, वाय-फायचा वेगळा. घरात फायबर असेल तर हा आकडा बघून तुम्ही चकित व्हाल. रोज दीड जीबीप्रमाणे २८ दिवसांचे ४२ जीबी होतात. मी ज्यांचे फोन तपासले त्यातल्या फायबरवाल्या घरांतली कितीतरी माणसं महिन्याला तीन-चार जीबीच्या वर जात नव्हती. आणि रोजचा कोटा रात्री बारा वाजता संपतो, उरलेला सहसा दुसऱ्या दिवशी मिळत नाही. तुम्ही पैसे ४२ जीबीचे दिलेले असतात.

दिवसाचा दर काढा

पॅकवरचा मोठा आकडा बघू नका. त्याला दिवसांनी भागा. मोबाइलमध्येच कॅल्क्युलेटर आहे.

२९९ चा २८ दिवसांचा पॅक म्हणजे दिवसाला १० रुपये ६८ पैसे. तेवढाच रोजचा दीड जीबी देणारा जिओचा ८४ दिवसांचा पॅक जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर ७९९ चा झाला, तो दिवसाला साडेनऊला पडतो. वर्षाला चारशेच्या वर फरक. एकदम आठशे काढणं सगळ्यांना जमत नाही हे मला कळतं. मोलमजुरी करणारं माणूस २८ दिवसांचाच पॅक घेतं आणि त्यालाच तो महाग पडतो. पण घरातल्या निदान एका सिमला तरी लांबचा पॅक मारायचा प्रयत्न करा. भात विकल्यावर किंवा बोनस आल्यावर करा.

२८ दिवसांची गोष्ट तर लक्षात ठेवाच. ‘महिन्याचा’ म्हणून घेतलेला हा पॅक वर्षात बारा वेळा नाही, तेरा वेळा मारावा लागतो. २९९ गुणिले १३ म्हणजे ३८८७. लोकांनी ट्रायकडे (मोबाइल कंपन्यांना नियम घालून देणारी सरकारी संस्था) याच्या तक्रारी केल्या, तेव्हा जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने नियम केला की प्रत्येक कंपनीने पूर्ण ३० दिवसांचे आणि दर महिन्याला त्याच तारखेला रिन्यू होणारे काही पॅक ठेवलेच पाहिजेत. ते असतात, पण वर दिसत नाहीत, खाली शोधावे लागतात. तेही भागून बघा. तीस दिवस म्हणजे स्वस्तच, असं नाही.

बोलायच्या सिमला नेट कशाला?

इथे सगळ्यात जास्त पैसे वाचतात.

आमच्या कोकणात मुलगा मुंबईला आणि आईवडील वाडीवर, हे घरोघरी आहे. मुलगा तिकडून आईच्या फोनला २९९ किंवा ३४९ चा पॅक मारतो. आईकडे बटणांचा फोन. त्यात नेट चालतच नाही! पेढे गावाजवळच्या एका आजींचा फोन त्यांच्या नातवाने माझ्याकडे दुरुस्तीला आणला, तेव्हा मी पॅक बघितला. दोन वर्षं रोज दीड जीबी त्यांच्या नावाने येत होता आणि रात्री बाराला विरत होता.

यावर डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम केला की कंपन्यांनी नेट नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक द्यायलाच हवेत. अशा पॅकची मुदतही ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवायला परवानगी दिली. जानेवारी २०२५ मध्ये पॅक आले. सुरुवातीचे दर जास्त होते. आरडाओरडा झाल्यावर थोड्याच दिवसांत खाली आले. ते दर असे: जिओ ४४८ ला ८४ दिवस आणि १७४८ ला ३३६ दिवस, एअरटेल ४६९ ला ८४ दिवस आणि १८४९ ला ३६५ दिवस, व्हीचेही साधारण तेवढेच. म्हणजे दिवसाला पाच-साडेपाच रुपये, आणि अमर्याद कॉल. आजींचे ३४९ चे तेरा पॅक ४५३७ रुपयांचे होत होते. त्याऐवजी १८४९ लागले. वर्षाचे २६८८ रुपये वाचले, म्हणजे त्यांच्या बीपीच्या गोळ्यांचे बरेच महिने निघाले.

हे दर बदलत राहतात, म्हणून मारण्यापूर्वी त्या दिवशीचा आकडा बघून घ्या. ट्रायच्या टॅरिफ पोर्टलवर सर्कल (मोबाइल सेवेचा विभाग) आणि कंपनी निवडली की सगळे पॅक दिसतात, कंपनीला पुढे ढकलायचे नसतात तेसुद्धा. सर्कल निवडताना मात्र चूक होते. मुंबई, ठाणे, नवी मुंबई हे वेगळं मुंबई सर्कल आहे. चिपळूण, पुणे, नागपूर आणि अख्खं गोवा हे ‘महाराष्ट्र’ सर्कल. ठाण्यात बसून आईसाठी पॅक बघताय तर आईच्या सिमचं सर्कल निवडा, तुमचं नाही.

वय झालेल्या माणसाच्या फोनात एक आणखी बघा. जिओचं नेटवर्क पहिल्यापासून ४जी आहे, जुन्या २जी बटणफोनात ते सिम चालणार नाही. पॅक स्वस्त दिसला म्हणून सिम बदलायचं आणि मग नवा फोन घ्यायचा, असं करू नका.

ओटीपीचं सिम

मला सगळ्यात जास्त चीड येते ती याच्यात. मे २००३ पासून येणारे कॉल फुकट झाले, त्याच्या आधी आलेल्या फोनचेही पैसे जायचे. पुढे कितीतरी वर्षं लोकांनी थोडाथोडा बॅलन्स टाकून नंबर सांभाळले. मग २०१८ च्या अखेरीस किमान रिचार्ज आला, २८ दिवसांना ३५ रुपये. एअरटेलचा सगळ्यात खालचा पॅक नोव्हेंबर २०२१ मध्ये ७९ वरून ९९ झाला, पुढे वाढत वाढत जुलै २०२४ मध्ये १७९ वरून १९९. नंबर चालू ठेवण्याच्या त्याच कामाला सहा वर्षांत ३५ चे १९९! भारतात नेट जगाच्या मानाने स्वस्त आहे हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण ज्याला नेट नकोच त्याला दाराशी उभं राहायचे पैसे कितीतरी पटींनी वाढले.

उपाय सांगते. पहिला, असं सिम खरंच हवं का ते विचारा. बँक, गॅस, आधार, रेशन सगळीकडे एकच नंबर करून घ्या आणि दुसरं सिम सोडा. दोन-तीन दिवसांचं काम आहे, पण वर्षाचे दोन-अडीच हजार वाचतात. मात्र सोडण्याआधी बँकेतून आणि आधारमधून तो नंबर काढलाय याची खात्री करा. सोडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या कुणाला तरी मिळतो.

दुसरा, ठेवायचंच असेल तर ते सिम बीएसएनएलमध्ये न्या, पण घरी रेंज असेल तरच. २०२४ ला बाकी तिघांनी दर वाढवले तेव्हा बीएसएनएलने वाढवले नव्हते. त्या जुलै-ऑगस्टात माझ्याकडे तिच्या सिमला कधी नव्हे एवढी मागणी आली. सप्टेंबर २०२५ मध्ये तिचं देशी बनावटीचं ४जी देशभर सुरू झालं, सुमारे ९७ हजार टॉवरवर. शहरात अजून बाकीच्यांसारखं चालेल अशी अपेक्षा करू नका. पण आमच्याकडे घाटाच्या कडेच्या काही वाड्यांत तीच एक रेंज येते. बीएसएनएलचा पॅक घेताना दर आणि दिवस दोन्ही बघा. किंमत तीच ठेवून दिवस कमी झाले की दर वाढल्यासारखंच असतं.

तिसरी गोष्ट, पॅक संपला म्हणून नंबर लगेच जात नाही. ट्रायच्या नियमाने ९० दिवस काही वापर नसल्याशिवाय प्रीपेड नंबर बंद करता येत नाही. आणि मुख्य बॅलन्समध्ये वीस रुपये असतील तर ते कापून आणखी ३० दिवस मिळतात. पण त्या काळात ओटीपी येईलच असं नाही. बँकेचा नंबर यावर ठेवू नका, परदेशी किंवा जहाजावर गेलेल्या माणसाचा नंबर वाचवायला हे उपयोगी आहे.

ॲपमध्ये खाली जा

ॲपवर पहिल्यांदा दिसतो तो पॅक कंपनीला विकायचा असतो. बोट खाली सरकवत शेवटपर्यंत जा. कमी नेटचा, एकूण दोन जीबीचा २८ दिवसांचा पॅक (जुलै २०२४ ला जिओचा १८९ चा आणि एअरटेलचा १९९ चा झाला) घरी वाय-फाय असलेल्या माणसाला पुरतो. कधी प्रवासात जास्त लागलं तर त्या दिवसापुरतं डेटा व्हाउचर घ्या.

आणि ॲपमध्ये नाही म्हणजे नाहीच, असंही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये रोज १ जीबीचे २४९ चे पॅक जिओ आणि एअरटेल दोघांनी एकाच आठवड्यात ऑनलाइन यादीतून काढले. जिओचा मात्र कंपनीच्या दुकानात जाऊन मिळत होता. तेव्हा दुकानात विचारा. आम्हाला माहीत असतं.

पोर्ट करायचं तर असं करा

पोर्ट म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलणं. ते रेंजसाठी, हे वर सांगितलं. त्याआधी दोन गोष्टी करा. घरी फायबर असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू करा. आमच्याकडची घरं जांभ्याची, भिंती दीड-दीड फुटाच्या, माजघरात फोन लागत नाही आणि लोक कंपनीला शिव्या देतात. वाय-फाय कॉलिंग चालू केलं की तिथेच लागतो, जास्तीचा पैसा नाही. ते जमत नसेल तर ज्या कंपनीत जायचं तिचं सिम शेजाऱ्याकडून किंवा पाहुण्याकडून एक दिवस मागून आणा आणि तुमच्या फोनात घालून घरभर फिरा. रात्री आठ-नऊला बघा, पाऊस लागलेला असताना बघा. कंपन्यांच्या वेबसाइटवर कव्हरेजचे नकाशे आता असतात, २०२५ पासून ते देणं बंधनकारक आहे, पण नकाशाला तुमच्या घरामागचा डोंगर कळत नाही.

मग ज्या नंबरला पोर्ट करायचं त्याच सिमवरून १९०० ला एसएमएस करा: इंग्रजी मोठ्या अक्षरांत पी-ओ-आर-टी, एक जागा सोडून तुमचा दहा आकडी नंबर. आठ अक्षरी कोड येतो, तो चार दिवस चालतो. आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. त्याच सर्कलमध्ये तीन कामाचे दिवस लागतात, मुंबईचा नंबर महाराष्ट्रात आणायचा तर पाच. सध्याच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झालेले हवेत. सिम हरवून नवं घेतलं असेल तर सात दिवस कोड मिळत नाही, फसवणूक टाळायला जुलै २०२४ पासून हा नियम आहे. पोस्टपेडवाल्यांनी आधी बिल भरा.

उरलेला बॅलन्स आणि पॅकचे दिवस पोर्ट झाल्यावर बुडतात. म्हणून कोड पॅक संपायच्या चार-पाच दिवस आधी मागवा. एसएमएस गेला की जुन्या कंपनीकडून फोन येतो, हे देऊ ते देऊ म्हणतात. आवडलं तर घ्या, पण आधी मेसेजवर लिहून मागा. आणि गणपतीच्या आठवड्यात पोर्ट करू नका. सगळे चाकरमानी गावात असतात, टॉवर तुंबतात, नव्या कंपनीची खरी रेंज कळत नाही.

घरातली सगळी सिम एकाच कंपनीची करू नका, हेही त्यातच सांगते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, माझ्या दुकानात छताला हात लावेल एवढं. एकेक नेटवर्क जात होतं. शेवटपर्यंत ज्याचं चालू होतं, त्या एका फोनवरून आम्ही वरच्या मजल्यावरच्या आठ माणसांनी घरी कळवलं.

पैसे गेले तर

न मागितलेली कॉलर ट्यून किंवा तसली सेवा लागून पैसे कापले गेले, तर १५५२२३ ला ‘स्टॉप’ असा इंग्रजीत एसएमएस पाठवा. बाकी तक्रार कंपनीच्या कस्टमर केअरला करा, पण डॉकेट नंबर (तक्रारीचा नंबर) घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. पैशांच्या तक्रारीला चार-सहा आठवडे लागू शकतात. समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जा. फी नाही, आणि ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिकडे पत्र पाठवून दिवस घालवू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीत बोलता येतं. त्यापुढे ग्राहक आयोग. मोबाइलच्या तक्रारी तिथे चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

माझ्या सासऱ्यांच्या नंबरवर एकच पॅक दोनदा लागला होता. कस्टमर केअरने तीन वेळा ‘सिस्टीममध्ये दिसत नाही’ सांगितलं. तिन्ही वेळचे डॉकेट नंबर, तारखा आणि पैसे गेल्याच्या मेसेजचा फोटो अपीलाला जोडला, तेव्हा बाविसाव्या दिवशी पैसे आले. ते तीन नंबर सिमच्या यादीच्या वहीतच, शेवटच्या पानावर लिहिलेले होते. तुम्हीही तिथेच लिहा.